शंभर गुणांची मोटार

एका जंगलात, मुलांनो, एक मोटार होती. जंगलात मोटार कशी, असं विचारू नका. जंगलात सिंह दरबार भरवतो हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग मोटारीनेच तुमचं काय घोडं मारलंय? कधीतरी एक शिकारी तिच्यातून आला, त्याने वाघ पाहिला आणि तो पायी परत गेला. मोटार मागे राहिली.

ती भिवाजी नावाच्या अस्वलाने चालवायला घेतली. त्यांना सगळे तात्या म्हणत.

त्या जंगलाला एकच वैद्यीण होती आणि ती घाटापलीकडे राहायची. वैद्यीणबाई जातीने कासव. औषध अचूक, पण त्या रोग्याकडे यायला निघाल्या असत्या, तर पोहोचेपर्यंत रोग्याचं वर्षश्राद्ध उरकलं असतं. म्हणून रोग्यालाच न्यावं लागे. चाळीस वर्षं ते काम तात्यांच्या मोटारीने केलं.

आता, ही मोटार ज्या कारखान्यात बनली तो होता थंड मुलखात. तिथे घाट नव्हता आणि वैशाखही नव्हता. त्यामुळे आपल्या घाटात तिसऱ्या वळणावर इंजीन इतकं तापे की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि मोटार मटकन बसे. तात्यांनी त्यावर तोड काढली. पंपाला गोणपाट गुंडाळलं, वर पाण्याचा डबा टांगला आणि डब्याला बारीक भोक पाडलं. थेंब थेंब पाणी पडे, गोणपाट ओलं राही, मोटार घाट चढे. लहान जनावरांना चढता यावं म्हणून त्यांनी दाराखाली एक लाकडी पायरीही ठोकली. चंपाकाकू सशीण ती पायरी चढून सात वेळा बाळंतपणाला गेली. सातव्या वेळी वैद्यीणबाईंपर्यंत पोहोचायची गरजच पडली नाही. मागच्या सीटवर तेव्हाचा डाग होता. त्या डागाकडे बघून चंपाकाकू दर वेळी हसायची.

पुढे तात्या थकले आणि मोटार त्यांच्या मुलाकडे आली. मुलाचं नाव निळकंठ. त्याला मोटारीच्या खणात एक जुनी पुस्तिका सापडली. मोटार कारखान्यातून निघाली तेव्हा नेमकी कशी होती, ते तिच्यात लिहिलं होतं, स्क्रूसकट. त्याच सुमारास मोठ्या जंगलातल्या जुन्या मोटारींच्या मंडळाने स्पर्धा जाहीर केली. मोटार जशी निघाली तशीच्या तशी असेल, तर शंभर गुण आणि पितळेची ढाल.

झालं. निळकंठने पुस्तिका उशाला घेतली आणि पान्हा हातात घेतला.

आधी पायरी गेली. मग सीट गेली.

"अरे, माझा सातवा तिथे झालाय!" चंपाकाकू म्हणाली.

"पुस्तिकेत नाही ते, काकू."

पुस्तिकेतल्या फोटोत डाव्या दाराखाली रंगाचा एक ओघळ दिसत होता. कुणा कामगाराने घरी जायच्या घाईत रंग फासला असणार. तात्यांनी तो ओघळ कधीच घासून काढला होता. निळकंठने तो परत आणला. अगदी तसाच ओघळ यायला त्याला दार एकोणीस वेळा रंगवावं लागलं. खरं सांगा मुलांनो, चूक करण्यासाठी तुम्ही कधी एवढी मेहनत घेतली आहे का?

शेवटी तो बॉनेट उघडून पंपापाशी आला. तात्या बाजूला बसून बघत होते.

"तेवढं राहू दे रे," तात्या म्हणाले. "त्याच्याशिवाय तिसरं वळण चढायची नाही ती."

"तात्या, गोणपाट कारखान्यातलं नाही."

"कारखान्याने आपला घाट बघितला होता का?"

"तिला आता घाटात न्यायचंच नाही."

"मग आजारी पडतील त्यांनी काय करायचं?"

निळकंठ विचार करून म्हणाला, "स्पर्धा होईपर्यंत जरा थांबायचं."

गोणपाट, डबा आणि पायरी उकिरड्यावर गेली. तात्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांत त्यांचा हात जिथे जिथे लागला होता, ते सगळं मुलाने डाग काढावेत तसं काढलं होतं. पण मुलगा खूश होता.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक आले. खवलेकर त्यांचं नाव, जातीने खवल्या मांजर. आपल्या अंगावरचं एकूण एक खवलं जन्मापासूनचं आहे, हे ते नमस्कार करतानाच सांगत. ते मोटारीखाली शिरले. स्क्रू मोजले. मग लांब जीभ काढून त्यांनी डाव्या दाराखालचा ओघळ चाखला.

"कारखान्याचाच," ते डोळे मिटून म्हणाले. "वा! शंभरपैकी शंभर!"

निळकंठच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच जेवणाची पंगत बसली. पाहुण्यांसाठी खास मुंग्यांचा बेत होता. खवलेकर मोठ्या खुशीत भराभर गिळत होते. मुंग्यांत एक लाल डोंगळा होता. त्याने जाता जाता घशात कडकडून चावा घेतला.

घसा सुजला. आवाज बंद झाला. खवलेकर पाय झाडायला लागले आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"वैद्यीणबाईंकडे न्या!" चंपाकाकू ओरडली. "मेला म्हणजे आपल्या दारात मेला असं होईल!"

"घाटातून?" निळकंठ म्हणाला. "टायरला माती लागेल."

त्याने परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक जोरजोरात मान डोलावत होते. त्यांना टायर चालणार होते, माती चालणार होती, सगळं चालणार होतं.

निळकंठ चालवायला बसला. मागे खवलेकर, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तात्या, आणि तात्यांनी उचलून आत घातलेली चंपाकाकू. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मोटार मटकन बसली, अगदी कारखान्याने बनवली होती तशी. खवलेकरांची शिट्टी बारीक होत चालली. निळकंठ बटणं दाबत राहिला आणि पुस्तिकेची पानं उलटत राहिला. पुस्तिकेत घाटाचं पानच नव्हतं.

तात्या खाली उतरले. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, बरोबर आणलेल्या तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पंपाला गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली. तात्यांनी पुन्हा पाणी घातलं. दहा मिनिटं असंच चाललं.

"आता मार," तात्या म्हणाले.

मोटार सुरू झाली आणि घाट चढली.

वैद्यीणबाईंनी घशात लेप लावला. "अजून पाव तास उशीर झाला असता तर कठीण होतं," त्या म्हणाल्या. निळकंठने वडिलांकडे पाहिलं आणि त्याला खरोखर भरून आलं. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात खवलेकरांना वाचा फुटली.

"ते फडकं," खवलेकर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कारखान्याचं नव्हे. दहा गुण वजा."



"तरी तुम्ही मला वाचवलंत," खवलेकर पुढे म्हणाले. "मी कृतघ्न नाही. आत्ता काढून टाका, म्हणजे मी पाहिलंच नाही असं धरतो. आणि परतही याच मोटारीतून येतो. शंभर गुणांच्या मोटारीत बसायचा योग काही रोज येत नाही."

निळकंठ मोटारीपाशी गेला. मग त्याने बॉनेट उघडलं, मुंडासं काढलं, नीट पिळलं आणि वडिलांच्या हातात दिलं. त्याने मान वर केली नाही.

तात्यांनी ते ओलंच डोक्याला बांधलं. "आम्ही चालत येतो," ते म्हणाले आणि चंपाकाकूला घेऊन निघाले.

टळटळीत ऊन होतं. घाटात, परतीच्या तिसऱ्या वळणावर, त्यांना मोटार उभी दिसली. आत निळकंठ आणि खवलेकर घामाने निथळत बसले होते.

"तात्या!" निळकंठने हाक मारली.

"काय रे?" तात्यांचा हात मुंडाशाकडे गेला.

निळकंठने खवलेकरांकडे पाहिलं. खवलेकरांनी हळूच नकाराची मान हलवली.

"काही नाही," निळकंठ म्हणाला. "सावकाश जा."

तात्यांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला. "प्यायलाच हं," ते म्हणाले आणि चालू लागले. चंपाकाकूने मात्र तीन वेळा मागे वळून पाहिलं.

मोटार अजून तिथेच आहे. ढालही तिच्यावर तिथेच लावली आहे. वैद्यीणबाईंकडे चालत जाणारे रोगी तिच्या सावलीत क्षणभर टेकतात आणि डाव्या दाराखालचा ओघळ बघून म्हणतात, काय सुरेख जपली आहे!

तात्पर्य : वस्तू मुळात होती तशीच जपावी. ती कुणाच्या उपयोगी पडू लागली की आलाच कुणी तात्या सुधारायला, आणि गेलेच आपले दहा गुण.