बागेतल्या दोन खुर्च्या

मंगळवारी सकाळी डेल्मर क्रॅब्ट्रीने गॅरेजमधून घडीच्या दोन खुर्च्या काढल्या, पुसल्या आणि मिल्बर्ग गावच्या बागेत बँडच्या चौथऱ्यासमोर नेऊन मांडल्या. एक स्वतःची, एक बायकोची, लोर्नाची. लोर्नाला जाऊन चार वर्षं झाली होती, पण एकच खुर्ची नेली तर दुसरा हात उगीच लोंबकळत राहतो, असं त्याचं म्हणणं होतं.

गुरुवारी बागेत बँड वाजणार होता. तसा निरोप खुद्द कर्नल बीकर यांनी पाठवला होता.

हे कर्नल म्हणजे 'सोनेरी दिवस बचाव समिती'चे अध्यक्ष. नव्या पिढीने देशाचं वाटोळं केलं आणि डेल्मर, आता सगळी भिस्त तुमच्यावर, असं ते त्याला फोनवर रोज लिहीत. बाथटबच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला रोज नावाने हाक मारणारं दुसरं होतंच कोण? डेल्मरला भरून येई आणि तो वीस डॉलर पाठवी. वसंतात त्याच्या मुलीच्या, जोलीनच्या लक्षात आलं, की 'दर आठवड्याला द्या' या चौकटीत समितीने बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती.

"बाबा, हा माणूस तुम्हाला लुटतोय."

"सैन्यातला माणूस आहे तो."

"कुठल्या सैन्यातला?"

ते डेल्मरला ठाऊक नव्हतं. शेवटी असं ठरलं, की पुन्हा एकदा जरी फसला, तरी चेकबुक आणि कार्ड जोलीनकडे जाणार. तिने वकिलाकडून कागदही तयार करून घेतले. आपल्या पैशाला आपण हात लावायचा नाही, म्हणजे जिवंतपणीच पाहुणा होऊन राहायचं, असं डेल्मरला वाटे.

गेल्या आठवड्यात समितीने विचारलं होतं, जुन्या दिवसांतलं तुम्हाला सर्वांत जास्त काय आठवतं? डेल्मरने दोन बोटांनी अर्धा तास खपून लिहिलं, 'मिल्बर्गच्या बागेतला बँड.' सतरा वर्षांचा असताना तिथेच त्याने लोर्नाला पहिल्यांदा वॉल्ट्झ नाचायला विचारलं होतं. सोमवारी उत्तर आलं. 'डेल्मर, गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत आपण मिल्बर्गच्या बागेतला बँड परत आणणारच!' हे कर्नलने नव्हे, यंत्राने लिहिलं होतं; गुरुवारचे सात ही पैसे पाठवायची मुदत होती, आणि रिकाम्या जागी डेल्मरचंच वाक्य चिकटवलं होतं. डेल्मरला वाटलं, कुणीतरी आपलं ऐकलं.

आता, आमच्या गावाची एक रीत आहे. मिरवणूक असो की चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी, लोक दोन दिवस आधी खुर्च्या मांडून जागा धरतात आणि मांडलेल्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. कुणाची खुर्ची दिसली, की शेजारी आपली मांडायची. कशासाठी, ते मागाहून कळतंच. मंगळवारी दुपारी वांडा स्टिपेकने कुत्र्याला फिरवताना दोन खुर्च्या पाहिल्या आणि घरून चार आणल्या. बुधवारी पहाटेच्या धुक्यात बागेत साठ खुर्च्या उभ्या होत्या, दवाने ओल्या, सगळ्यांची तोंडं रिकाम्या चौथऱ्याकडे. जणू माणसं यायच्या आधीच त्यांचं ऐकणं सुरू झालं होतं.

नगरपालिकेने एवढ्या खुर्च्या पाहून गवत कापून घेतलं. आपल्याला काही माहीत नाही हे महापौरबाईंना कबूल करायचं नव्हतं. अग्निशमन दलाने बंब धुऊन आणला. चर्चच्या बायकांनी चेरीचे चाळीस 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेले गोड रोट, करायला घेतले.

"डेल्मर, बँडमध्ये माणसं किती रे?" वांडाने विचारलं. ती त्याच्याच वर्गातली. "पाय कमी पडायला नकोत."

डेल्मरने कर्नलना लिहून विचारलं. ताबडतोब उत्तर आलं, 'डेल्मर, तुमची निष्ठा पाहून माझे डोळे पाणावले.' खाली पैशाचं बटण. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा डोळे पाणावले. तेव्हा त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला.

गुरुवारी साडेसहाला अख्खं गाव बागेत. मेपलच्या झाडांखाली उजेड मधासारखा साचला होता आणि काजवे वेळेआधीच निघाले होते. सात वाजले. सव्वासात झाले. चौथऱ्यावर एक चिमणी तेवढी बसली होती. त्याच वेळी जोलीन कोलंबस शहराहून कागदांची पिशवी घेऊन आली.

"बाबा, ही गर्दी कसली?"

"बँड येणार होता," डेल्मर हळूच म्हणाला. "कर्नलने कळवलं होतं. फसलो मी, पोरी. आण ते कागद."

जोलीनचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग नुसताच थकला. "तुमच्या पिढीचं हे असंच. स्वस्तात घरं घेतलीत, पेन्शनी घेतल्यात, आणि उरलंसुरलं या कर्नलला."

"आणि तुम्ही? दिवसभर त्या फोनमध्ये डोकं घालून बसता."

"तुम्ही कुठे डोकं घातलं होतंत?"

आता गावाला सांगणं भाग होतं. तो उठला, चौथऱ्यापाशी गेला आणि टोपी काढून म्हणाला, "मंडळी, बँड येणार नाही. तसं कधी ठरलंच नव्हतं. चूक माझी आहे."

मग मागून वॉल्ट हेगन नावाचा म्हातारा सुतार खाकरला. "माझ्या गाडीच्या डिकीत ट्रॉम्बोन आहे. म्हटलं, बँडला एखादा माणूस कमी पडला तर."

"माझी क्लॅरिनेट आहे," वांडा पुटपुटली आणि लाजली.

मग एकेक डिकी उघडू लागली. शाळेच्या बँडमध्ये कधीकाळी वाजवणारी चौदा माणसं निघाली, आणि प्रत्येकाने आपलं वाद्य घोंगडीखाली लपवून आणलं होतं. महापौरबाईंनी ड्रम काढला. त्यांनी जो वॉल्ट्झ वाजवला, तो तीन ठिकाणी तुटला आणि दोन वेगवेगळ्या वेळी संपला. पण सूर झाडांतून तरंगत बंबापर्यंत गेले, आणि क्षणभर कुठलं साल आहे हे कुणाला सांगता आलं नसतं. डेल्मर डोळे मिटून बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्याचा हात होता.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच क्षणी जोलीनचाही वाजला. दोघांनी पाहिलं.

'डेल्मर, नव्या पिढीने तुमची स्वप्नं चोरली. फक्त पाच तास उरले.'

"तुझा कुणाचा?" डेल्मरने विचारलं.

"माझा... आमच्या 'नवी पहाट समिती'चा." तिने फोन झाकायला घेतला, पण डेल्मरची नजर अजून शाबूत होती. 'जोलीन, जुन्या पिढीने तुमची स्वप्नं चोरली. फक्त पाच तास उरले.' खाली बटण. आणि दर आठवड्याच्या चौकटीत बरोबरची खूण.

दोघांनी फोन शेजारी शेजारी धरले. अगदी तळाशी बारीक अक्षरात पत्ता असतो, तो वाचला. दोन्हींवर गाव तेच, टपालपेटीचा क्रमांकही तोच. चारशे अठरा.

बँडने दुसरा वॉल्ट्झ सुरू केला आणि तोही बिघडवला.

"कधीपासून?" डेल्मरने विचारलं.

"दोन वर्षं."

"बरं. सही कुठे करू?"

"कागद चेरीच्या पायच्या ताटलीखाली आहेत, बाबा. रस सांडलाय त्यांच्यावर." ती लोर्नाच्या खुर्चीत बसली. पाय दोघांनी एकाच चमच्याने खाल्ला, कारण चमचे कमी पडले होते.

लोक पांगू लागले, तसा डेल्मर खुर्च्यांची घडी घालायला उठला.

"पुढच्या गुरुवारी काय आहे इथे?" जोलीनने विचारलं.

"काहीच नाही."

"मग राहू देत," ती म्हणाली आणि लोर्नाची खुर्ची चौथऱ्याकडे नीट वळवून ठेवली.