बडनेरा ते अकोला, निव्वळ बॅटरीवर

"बाजूले व्हा बाप्पा, बाजूले व्हा! ब्रेक मारता येत नाई!"

मूर्तिजापूरच्या चौकात व्हॅनच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून ओरडणारा तो इसम मी. त्या दिवशी मी हॉर्न होतो. खरा हॉर्न ठणठणीत होता, पण त्याला हात लावायची बंदी होती, कारण हॉर्न करंट खातो. ब्रेक दाबला की मागचा दिवा लागतो, तोही खातो. म्हणून आमचे शेजारी दादारावभाऊ नुसते गिअर उतरवत गाडी हाकत होते. आम्हाला पाहून एक म्हैस आयुष्यात पहिल्यांदा धावली.

दादारावभाऊ नांदगाव खंडेश्वरला शेवंती पिकवतात. करंटचा असा कंजूष अख्ख्या वऱ्हाडात नाही. फ्रिज उघडून कोणी विचार करत उभं राहिलं तर म्हणतात, "विचार बाहेर करून ये ना लेका." भांडतसुद्धा नाहीत. "फुकट बॅटरी उतरते," म्हणतात.

त्यांच्या भाचीचं, मंदाचं, लग्न अकोल्यात होतं. बहीण वारली तेव्हा रांगणारी ही पोर एकट्या भाऊंनी वाढवली. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. बाकी वऱ्हाड आदल्या दिवशीच गेलं. भाऊ मागे राहिले, कारण हारांची शेवंती त्याच सकाळी तोडलेली हवी. फुलं भरून आम्ही दोघं त्यांच्या व्हॅननं निघालो, आणि बडनेऱ्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

"अल्टरनेटर गेला," मेकॅनिक म्हणाला. "आता बॅटरी भरत नाई, निस्ती उतरते. बोरगाव बी गाठत नाई तुमी. ठेवा इथं, संध्याकाळी न्या."

"संध्याकाळी पोरगी सासरी जाईन." भाऊंनी त्याचा चावीकडे जाणारा हात वरच्यावर धरला. "बंद नको करू. सेल्फ मारला का सारा करंट तोच पिते. अबे, इंजिनाले लागते किती? ठिणगीपुरता. बाकी सारे आपलेच चोचले."

झालं. पंखा बंद, रेडिओ बंद. माझा मोबाइल चार्जिंगवरून उपटला. वळणावर माझाच हात बाहेर. उन्हात माझं भरीत होत होतं आणि भाऊ डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बघत म्हणत होते, "ओरड, पण पाणी जपून पी. थांबता येत नाई."

बोरगाव आलं, आणि गेलं. भाऊंनी आरशात बघून मिशी पिळली. आरशाला करंट लागत नाही.

अकोल्यात कार्यालयाच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा आत लाउडस्पीकर कोकलत होता, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." मुलाकडचे म्हणत होते, कोणताही मामा चालेल. मंदा खोलीतून हलत नव्हती.

मग भाऊंनी काय करावं? भर दुपारी हेडलाइट लावले. कोरड्या काचेवर वायपर सोडले. दोन्हीकडचे इंडिकेटर, रेडिओ, पंखा, सगळं चालू, आणि हॉर्नवर असा तळहात ठेवला की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून रस्ता दिला. मंदा शालूसकट धावत बाहेर आली. "मामा, किती उशीर," एवढंच म्हणाली. व्हॅननं एक उचकी दिली आणि प्राण सोडला. भाऊ हारांची टोपली खांद्यावर आणि भाचीचा हात हातात घेऊन किल्ला जिंकल्यासारखे मांडवात शिरले.

संध्याकाळी वरात गेली. फाटकापाशी मेलेली व्हॅन आणि आम्ही दोघं.

"भाऊ, धावत जाऊन बॅटरी चार्ज करून आणतो," मी म्हणालो. "नाई तर घरी पोचाले उशीर होईन."

"सावकाश आन," भाऊ म्हणाले. "घरी आता कोन वाट पाहून राहिलं?"