हवेच्या गादीवरची जोडनाव

आमच्या खाडीत पाणी फार आहे, ही गंभीर बाब १९६४ साली खात्याच्या नजरेस आली. पाणी आले की नावेला अडथळा आलाच. सबब, दोन होड्या शेजारी जोडून, मधल्या पोकळीत पंख्याने हवा कोंडून, नाव पाण्यावेगळी उचलावी असे ठरले. स्वागत समितीचा चिटणीस अस्मादिक. टाळ्या कधी वाजवायच्या, ते माझ्याकडे होते.

सांगायला वाईट वाटते, पण वेणूबाई कोळणीला या कार्याचे काडीचे कौतुक नव्हते. तिला घोर एकच, ताजे बोंबील सडायच्या आत खाडीपार म्हसळ्याच्या बाजारात कसे पोचतील! रोज शिवदास तांडेल तिला आपल्या होडीतून पार नेई. पण होडीच्या लाटांनी जोडनावेच्या चाचणीचे मोजमाप बिघडते म्हणून ती होडीच बंद करण्यात आली.

“मंग मी जाऊ कशी, सायेब?”

“याच नावेतून,” अभियंतासाहेब म्हणाले.

पंखा घुमला. नाव वीतभर उचलली गेली. वेणूबाई टोपल्या घेऊन चढली आणि नाव पुन्हा बसली. साहेबांनी आधी टोपल्या उतरवल्या, मग वेणूबाईला, मग खलाशांना. तरी नाव जडच. शेवटी तिला पुढे ढकलणारे इंजिनही काढले. नाव कशी डौलात वर आली!

“अडथळा शून्य!” साहेब गरजले. मी खूण केली, टाळ्या पडल्या.

“अवो, पन ती जाती कुठं?”

“बाई, जाणे हा पुढचा टप्पा आहे.”

“मेल्यांनो, माझी पोरं काय वारा खातील?” वेणूबाई भडकली. पदर खोचून ती तरातरा नावेवर चढली, पंख्यापुढे दोर बांधला आणि जबड्यात जबडा अडकवून सगळे बोंबील त्यावर टांगून खाली उतरली. सडण्यापेक्षा सुकलेले बरे.

नाव आधी दबली. पण बोंबील वाळत गेले, हलके झाले आणि संध्याकाळपर्यंत नाव आपोआप वर आली. साहेबांना भरून आले. माल चढवल्यावर अडथळा घटतो, असा अहवाल गेला. उलट टपाली हुकूम आला की सुक्या मासळीला घाई नसते, तेव्हा खाडीपार होडीची निकड उरलेली नाही. शिवदासची होडी कायमची बंद. जोडनाव आणखी एक मंजूर.

हुकूम वाचून साहेबांनी किनाऱ्यावर जमलेल्या अख्ख्या गावाला विचारले, “कुणाची काही हरकत?”

“माझी हाय!” वेणूबाई म्हणाली. “ताज्या म्हावऱ्यावर माझं घर चालतं. आता तळे गावावरनं वळसा घालून जाईस्तवर त्याचा चिखल व्हईल.”

“एकट्या बाईची हरकत धरता येत नाही. आणखी कुणी?”

वेणूबाईने आमच्याकडे पाहिले. चिटणीस या नात्याने मी घसा साफ केला आणि तेवढ्यावरच थांबलो. बाकीचे खाडीकडे बघत होते. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ती तळ्याच्या वाटेला लागली.

कुणीतरी बोलायला हवे होते, असे तुम्हाला वाटत असेल. आम्हा सगळ्यांनाही तेव्हा अगदी तसेच वाटत होते.