दोन तासांचा इतिहास

चाकणच्या कंपनीतल्या संशोधन प्रयोगशाळेचा तीस वर्षांचा इतिहास काचेच्या कपाटात मांडून झाला होता. फक्त मधला कप्पा रिकामा होता. तिथे मालक दादासाहेबांनी स्वतःच्या हाताने बनवलेला, गाडीचं इंजिन धरून ठेवणारा पहिला लोखंडी ब्रॅकेट बसायचा होता, आणि तो साफसफाई बघणाऱ्या रंगरावांनी परवाच भंगारात घातला होता.

नियम कंपनीचाच. वर्षभर न वापरलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची आणि भंगाराच्या टेम्पोत टाकायची. रंगराव इतके इमानदार, की त्यांनी इतिहासालाही सोडलं नाही! आता दादासाहेब बारा वाजता येणार होते. अकरा वर्षं कंत्राटावर काढल्यावर रंगरावांना कायम करण्याचं पत्र त्यांच्याच सहीला गेलं होतं. रंगरावांनी तडक सार्थकला गाठलं.

"सार्थक, मला वाचीव!" ते तरुण इंजिनिअरच्या मागे लागले. "तुझ्या त्या मिठाच्या पाण्याच्या मशीनमधी लोखंड गंजतं न्हवं? एक नवा ब्रॅकेट घाल. आकार त्योच हाय."

"अहो, त्याच्यावर निशिगंधा मॅडमनी शोधलेलं नवं कोटिंग आहे. हजार तास गंजत नाही. आज त्याचंच तर उद्घाटन!"

"तू घाल तर खरं. देव हाय."

दोन तासांनी झाकण उघडलं. ब्रॅकेट तांबूस, खडबडीत, चांगला तीस वर्षांचा झाला होता. रंगरावांनी हात जोडले. सार्थक मात्र पांढराफटक पडला.

"घाबरतोस कशाला? झ्याक गंजलाय!"

"म्हणूनच घाबरतोय."

बारा वाजता दादासाहेबांनी तो ब्रॅकेट हातात घेतला आणि प्रेमाने कुरवाळला. "इथून सुरुवात केली. आणि आता हे हजार तासांचं कोटिंग! सोमवारपासून सगळ्या गाड्यांना नवा ब्रॅकेट." टाळ्या झाल्या. निशिगंधा मॅडम लाजल्या.

रंगराव गप्प बसले तर नोकरी पक्की होती. पण रस्त्यात कुणाचं इंजिन निखळलं तर? शेवटी त्यांनी तोंड उघडलंच.

"सायेब, ह्यो जुना न्हाई. नवाच हाय, आज सकाळी गंजवलेला. जुना मी भंगारात घातला."



"अशक्य!" मॅडम म्हणाल्या. "माझा अहवाल आहे."

"तपासायचे नमुने कुणी निवडले होते?" दादासाहेबांनी विचारलं.

"मीच," मॅडमचा आवाज खाली आला. "चांगले चांगले बघून."

दादासाहेबांनी रंगरावांचं पत्र मागवलं आणि खिशातून पेन काढलं. रंगरावांनी डोळे मिटून घेतले.

"उद्यापासून इथले नमुने तुम्ही निवडायचे," सही करत दादासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रंगराव प्रयोगशाळेत शिरले, तसे सगळे इंजिनिअर हातातले नमुने पाठीमागे लपवत ताडकन उभे राहिले. रंगरावांनी दचकून मागे वळून पाहिलं, कोण साहेब आले म्हणून.