दोन का पाच किलोवॅट

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सगळ्यात लांब मजकूर म्हणजे माझा कॉलेजचा प्रवेशअर्ज, आणि त्यातही दोन ठिकाणी खाडाखोड होती. माणसांवर लिहायचं तर माणसं पुष्कळ बघितलेली असावी लागतात. माझी तेवढी पुंजी नाही. पण बसअण्णा बघितलेत, आणि त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

उचगावात मी त्यांच्या माडीवर राहतो. खोली बघायला आलो ती मे महिन्यातली भर दुपार होती. अंगणात एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर उभी, सगळ्या काचा बंद, आणि आत कानटोपी, स्वेटर घालून, वर घोंगडं पांघरून एक गृहस्थ घामानं निथळत बसलेले. मी घाबरून काच वाजवली. ती बोटभर खाली आली.

"पावणं, दार उघडू नका. थंडी कुठनं आत येती ते बघायलोय."

"थंडी?"

"म्हंजे आली तर कुठनं येईल, ते!"

काच वर गेली. मागून त्यांच्या पत्नी, गंगाक्का म्हणाल्या, "घाबरू नका. वेडं न्हाईत. गुळवे हाईत."

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळत असताना काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची हे सांगणारा माणूस. अण्णांनी चाळीस हंगाम ते काम केलं. गुऱ्हाळ बंद झाल्यावर त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली ही गाडी घेतली. आत झोपायला फळ्या ठोकल्या, छोटा ओटा केला, अक्कांच्या मसाल्याच्या डब्याला खाच पाडली. ही गाडी घेऊन त्यांना हिमाचलात बर्फात जायचं होतं. राहिला होता फक्त डिझेल हीटर. तो डिझेल जाळतो, धूर गाडीबाहेर सोडतो आणि गरम हवा आत. मिळतो दोन मापांत : दोन किलोवॅट आणि पाच किलोवॅट. दिवाळीनंतर तिकडचे रस्ते बंद होतात, म्हणजे हीटर दसऱ्याच्या आत बसायला हवा होता. आणि अण्णांचं काही ठरत नव्हतं.

"बर्फ बघाय जायचं आन शेगडी घेऊन जायचं," अक्का म्हणायच्या. "त्यापेक्षा घरात बसा की!"

जयसिंगपूरचा हीटरवाला तर त्यांचा फोन आला की आधी उसासाच टाकायचा. "अण्णा, सोळा फुटी गाडी. दोनचा बास झाला. पाचचा घेतलासा तर कायम मंद चालवाय लागंल, आत काजळी धरंल."

"काजळीचं मला शिकवतोस व्हय रं? जाळ चुलीवर ठरत न्हाय, काहिलीवर ठरतो!"

हे वाक्य ते कुठंही वापरत. शेजारच्या लग्नाचा हॉल लहान पडला, काहिलीवर ठरतो. मला गणितात कमी मार्क पडले, तरी काहिलीवर ठरतो. त्यात मी चूल होतो की काहील, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणून मी दोन दिवस बसून हिशेब मांडला. भिंतींचं क्षेत्रफळ, आतल्या अस्तराची जाडी, बाहेर उणे दहा, आत अठरा. उत्तर दोनच्या आत आलं. अण्णांनी वही लांब धरून वाचली.

"शास्त्रज्ञ, रात्रीत दार किती वेळा उघडणार धरलंस?"

"एकदाही नाही."

"सहा वेळा धर."

"सहा वेळा कोण उघडणार, अण्णा?"

"असतंय एखादं माणूस."

सहा वेळा धरून उत्तर दोनच्या किंचित वर गेलं. अण्णा खूश झाले. "बग! आता ना धड दोन, ना धड पाच. आता इचारायलाच पायजे."

माझं गाव राधानगरीकडं. शेजारच्या गावात चंद्राप्पा नावाचे कुणी राहतात, जाळातलं त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असं सांगून अण्णांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. "गाडी सोळा फूट. माणसं तीन. हीटर दोन का पाच?" खाली सही नाही.

मला वाटलं, कुणी रिटायर्ड इंजिनिअर असतील. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चंद्राप्पा गोठ्यात म्हशीची धार काढत होते. हात पुसून त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "च्या घेणार?" बस्स.

"काय म्हणाला?" परत आल्यावर अण्णांनी विचारलं.

"चहा दिला."

"साखरंचा का गुळाचा?"

"गुळाचा."

अण्णांचा चेहरा उजळला. "त्यो प्याला?"

"नाही."

"न्हाईच पिणार," असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

असं तीन वेळा झालं. तीन चिठ्ठ्या, तीन कप चहा. गणपती आले, गेले. शेवटी मी अक्कांना म्हणालो, "अक्का, त्या माणसाला हीटरमधलं काही कळत नसावं. मी दुसरीकडे विचारू का?"

अक्का कोथिंबीर निवडत होत्या. "त्यो ह्यांचा धाकटा भाऊ हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या गुऱ्हाळावरचा चुलव्या. ह्येंनी काहील बघायची, त्यानं चिपाडं टाकून जाळ संभाळायचा. सात वर्सांमागं एक काहील करपली. उतरवायला उशीर ह्यांनी केला, आन चार व्यापाऱ्यांसमोर म्हणाले काय, तर चंद्राप्पाचा जाळ आंधळा हाय. त्यानं हातातलं दाताळं भिंतीला लावलं आन गेला. तवापासनं बोलणं न्हाय."

"मग बर्फ?"

"ती हौस त्याचीच. चुलवाणापुढं घाम पुसत म्हणायचा, अण्णा, एकदा बर्फात जाऊन बसूया, थंडी म्हंजे काय ते तरी कळंल."

"आणि सहा वेळा दार?"

"त्याला साखर हाय. रात्री उठाय लागतंय."

"पण बोलणं नाही, तर अण्णांना कसं माहीत?"

"आम्ही जावा रोज बोलतोय की फोनवर! भांडाण त्यांचं हाय, आमचं न्हाय. ह्येंचा कान असतोय दारामागं." त्यांनी जुडी झटकली. "चुकलं म्हणाय ह्यांच्या जिभंला काटा टोचतोय. म्हणून हीटर इचारायल्यात."

पुढच्या शनिवारी मी चौथी चिठ्ठी घेऊन गेलो. घटस्थापना चार दिवसांवर आली होती. चंद्राप्पांनी वाचली, घडी केली. मी दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत बोलणारा नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, अण्णांनी हिशेबात दार सहा वेळा धरलंय."

चंद्राप्पांचा हात खिशापाशीच थांबला. "सहा?"

"मी शून्य धरलं होतं. त्यांनी सहा करायला लावलं."

ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग चारच वाक्यं बोलले, आणि ती मी एसटीत उचगावपर्यंत पुटपुटत आलो, एक शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून.

अण्णा गाडीतच होते. कानटोपी घालून. या वेळी त्यांनी चहाचं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी स्वतःच दार उघडलं, आणि घरात ओट्याशी असलेल्या अक्काही हातातलं टाकून घराच्या दारात आल्या.

तोंडी परीक्षेला उभं राहावं तसा मी उभा राहिलो.

"ते म्हणाले, सहा न्हाय, आता आठदा उठाय लागतंय म्हणावं. आन हीटर घ्यायची घाई करू नको. गुरुवारच्या एसटीनं येतोय. जाळाचं मी बघतो."