छावणीतला दगडी हत्ती

सरकारी कामावर मेलेलं जनावर निघालं, तर पंचनामा होईस्तवर काम बंद ठेवायचं, असा नियम हाय. नियम चांगलाच हाय. फकस्त जनावर कधी मेलेलं असावं, एवढं त्यात लिव्हायचं राहून गेलंय, आन् तिथंच आमचा घोळ झाला.

गोरक्षा, चहा गार करू नको, पी. ह्या दुष्काळात असला घट्ट चहा कोल्हारच्या स्टँडवर दुसरीकडं मिळवून दाखव! हां, तर ऐका रे.

आमच्या वाडीला पाझर तलावाचं काम चाललंय, ते तुमाला ठावं हाय. माझी चुलती आक्काबाई तिथं टोळीची म्होरकी. दुपारच्याला तिची कुदळ खण्णकन वाजली. दगड म्हनून टोकरत गेली, तर दगडाला दात! नुसता दात न्हाई रे, पाट्याएवढी दाढ, वर पन्हाळी पत्र्यावानी वळ्या. आन् म्होरं ह्यो एवढा सुळा, बैलगाडीच्या दांडीगत. बघितलं तर हाड, वाजवलं तर दगड.

"आक्के, हत्ती हाय ह्यो!" मी म्हनलं.

"आसंल," ती म्हनली. "बाजूला सरक, माझं आजच्या खोदाईचं माप पुरं व्हायचंय."

पर तेवढ्यात ओव्हरसियर आप्पासाहेबांनी बघितलं. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आन् काम थांबवलं. काम थांबलं म्हंजी हजेरी थांबली, मजुरीबरुबर खायाला मिळनारी सुकडी थांबली. साऱ्या टोळीचं पोट त्या एका दाढेत अडकलं!

दुसऱ्या दिवशी तलाठी रंगनाथ भाऊसाहेब आले. त्यांचा पहिला सवाल, "जनावर कोणाचं?" लगेच दवंडी दिली, की ज्या कुनाचा हत्ती हरवला असंल त्यानं ओळख पटवून घिऊन जावा. एक म्हातारा आला, पर त्याचं रेडकू हरवलं हुतं.

"मालक नाही, म्हणजे बेवारस," भाऊसाहेब म्हनले. "बेवारस जनावराची रवानगी कोंडवाड्यात." आता कोंडवाडा पडलाय बंद, गावची समदी ढोरं छावणीत. मंग आमी त्यो हत्ती तुकड्या-तुकड्यानं बैलगाडीत घालून छावणीत नेला. तिथं भाऊसाहेबांनी त्याला दावं बांधाया लावलं. मी म्हनलं, दावं कशाला? तर म्हनले, "पळून गेला, तर जबाबदार कोण?"

तरी काम सुरू हुईना. पंचनाम्यात मरणाचं कारण पायजे ना! ढोरांचे डॉक्टर आले. हत्तीच्या बरगडीला नळी लावून लई वेळ ऐकत बसले. "ताप नाही," म्हनले.

मंग नगरच्या एका कालेजातले प्रोफेसर आले. अरे, मानूस येडाच झाला! सुळ्यावर हात फिरवतोय आन् डोळ्यांत पानी. "ही प्रवरा तेव्हा वेगळी होती," म्हनले. "इथं रान होतं, पुरुषभर गवत होतं. तलावाच्या खड्ड्यात गाळाचे एकावर एक थर आहेत, सगळा पुरावा त्यांच्यात आहे. आजचा हत्ती ह्याचाच भाऊबंद. पण हा वंश नामशेष झाला."

"कशानं?" आप्पासाहेबांनी इचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. पाऊस आटला असावा, चारा संपला असावा. ज्यांना बदलता आलं, ते टिकले."

आप्पासाहेबांचं तोंड उतरलं. "म्हणजे दुष्काळानं?"

"तसं म्हणा. पण वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी."

"वर्षाचं राहू द्या. दुष्काळानं की नाही, एवढंच सांगा."

"बहुतेक... हो."

झालं, बसली बोंब! कारन 'दुष्काळानं एकही जनावर दगावलेलं नाही' म्हनून वर कवाच कळवून झालं हुतं. आन् हितं आमच्या वाडीत आख्खा वंश दगावलेला!

"साहेब विचारतील," आप्पासाहेब कण्हत म्हनले, "वंश संपेपर्यंत तुम्ही काय करत होतात?"

तवा आक्काबाई म्होरं झाली. मागं टोळीतल्या बाया, रिकाम्या पाट्या घिऊन.

"भाऊसाब, मेलाय आसं कोन म्हनतं?"

"अहो मावशी, दगड झालाय त्याचा!"

"मंग? खात न्हाई, हालत न्हाई, हाक मारली तर वळून बघत न्हाई. आमचा सरपंच बी तसाच हाय. त्याला कुठं तुमी मेला म्हनता?"

भाऊसाहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी आभाळाकडं बघितलं. "ताप तर नव्हताच," म्हनले.

भाऊसाहेबांनी लिव्हून टाकलं, जनावर हयात, प्रकृती ठीक. प्रोफेसर लई वरडले, पर त्यांना आमी उचलून एस्टीत बसवलं. मेलेलं जनावरच न्हाई म्हनल्यावर पंचनामा कसला? दुसऱ्या दिवशी काम सुरू!

आता जित्तं जनावर म्हनल्यावर त्याला चारा आला. चारा बी हत्तीचा, बैलाचा न्हवं! छावणीचा कारकून राधाकृष्ण रोज सांजच्याला हत्तीम्होरं कडब्याचा ढीग लावतो, आन् सकाळी बघावं तर काडी न्हाई. 'पचन उत्तम,' डॉक्टरांनी शेरा मारला.

फुडल्याच आठवड्यात आक्काबाईच्या कुदळीखाली दुसरी कवटी निघाली, बारकी. परत काम बंद पडनार, म्हनून बायांनी पाट्या खाली ठिवल्या. आक्काबाईनं मातुर दम सुदीक घेतला न्हाई. कवटी पाटीत, पाटी डोक्यावर, थेट छावणीत जाऊन मोठ्या हाडांपाशी ठिवली.

"लिव्हा," म्हनली, "पिल्लू झालं."

लिव्हलं की! आता डॉक्टरांचा सत्कार हाय. दुनियेतनं नामशेष झालेलं जनावर, आन् ऐन दुष्काळात आमच्या छावणीत वितंय! वरून मोठे साहेब येनार हायेत. त्यांना जरा संशय आलाय म्हनं, कोल्हारच्या स्टँडवर बी लोकांना इचारनार हायेत.

काय म्हनतोस गोरक्षा? तू खरं सांगनार? सांग की! खऱ्याला कुनाची भीती? त्यो ग्लास तेवढा खाली ठिव आधी. ठिव, ठिव. चारी अंगाला ढोरं आटल्यात आन् ह्या टपरीवर असलं दूध कुठनं येतं, कधी इचारलंस? राधाकृष्णाच्या म्हशीचं हाय ते. आन् ती म्हैस काय खाती, ते आता तुला मी सांगायला पायजे व्हय?

बोल मंग. हत्ती मेलाय का जित्ता?

आं? मोठ्यानं बोल, मागच्यांना आयकू जाऊ दे.

हां, जित्ता! पी आता, साय धरतीया वर.