ड्रिलला हातमोजा नसतो

गांगुर्डे अण्णा हातमोजा देण्याआधी समोरच्याचा हात हातात घेत. तळवा उताणा करत, बोटं ताणून बघत आणि ज्योतिषाच्या गांभीर्याने विचारत, "हात कशात घालणार?"

अंबडच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मी प्रॉडक्शन मॅनेजर. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. वेल्डिंगवाल्याला कोपरापर्यंत चामड्याचे, प्लेटिंगच्या ॲसिडच्या टाकीवर लांब रबरी, हे त्यांचं शास्त्र पक्कं होतं. लॅबच्या मॅडमनी एकदा थिनरने भांडी पुसायला रबरी मोजे मागितले. अण्णांनी जुन्या मोज्याचं एक बोट कापून थिनरच्या वाटीत टाकलं आणि मॅडमना चहा पाजला. चहा संपला तोवर बोट सुजून लिबलिबीत झालं होतं.

"ॲसिडला हे चालतं मॅडम, थिनरला नाय," अण्णा म्हणाले आणि दुसरी जोडी काढून दिली.

नवे रबरी मोजे ते तोंडाने फुगवून गालाशी धरत. बारीक भोक असेल तर गालाला वारा लागतो. मग मोज्यांच्या तोंडाला चिमटे लावून तासभर दोरीवर टांगत. स्टोअरमध्ये शिरलं की म्हशींच्या कासेखाली उभं असल्यासारखं वाटे. हा विनोद माझाच, आणि ऑफिस त्यावर वर्षभर हसलं. अण्णा भाचीसाठी मुलगा बघायला गेले, तर त्याची नोकरी विचारायची सोडून "नऊ नंबर लागेल, अंगठा मजबूत आहे" एवढं सांगत परत आले.

ड्रिल मशीनवाल्यांना मात्र ते काहीच देत नसत. "फिरत्या ड्रिलपुढे मोकळा हात. मोज्याचा एक धागा सापडला की बोट गेलं."

एकदा परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. आम्ही झाडांच्या बुंध्यांना गेरू फासला, नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणल्या आणि मी तोंडी फर्मान काढलं, प्रत्येक हातात पांढरा सुती मोजा दिसला पाहिजे.

"ड्रिलला नाय, साहेब," अण्णा म्हणाले.

"पाहुणे जाईपर्यंतच."

"ड्रिलला पाहुणे कळत नाय."

"तुम्ही स्टोअरकीपर आहात, डॉक्टर नाही. द्या आणि सही घ्या."

अण्णांनी दिले. पाहुणे कँटीनमध्ये गुलाबजाम खात असताना ड्रिलवरच्या काशिनाथचा मोजा मशीनने ओढला. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट गेलं.

चौकशीत प्रश्न एकच होता, ड्रिलवर हातमोजे कोणी दिले? मी म्हणालो, "स्टोअरने." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते मला इतकं सहज म्हणता आलं. अण्णांकडे माझ्या हुकमाचा कागद नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दिले मीच," म्हणाले. त्यांची बदली भंगाराच्या यार्डात झाली, माझी बढती.

निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाल्यावर मी सिडकोतलं त्यांचं घर शोधत गेलो. अण्णा खिडकीशी बसून चामड्याचा मोजा शिवत होते. उजव्या मोज्याचं एक बोट मुळाशी कापून त्यांनी नीट बंद केलं होतं.

"काशिनाथचा," ते म्हणाले. "दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत छाटणीला जातो. रिकामं बोट तारेत अडकतं. दर छाटणीआधी नवीन नेऊन देतो."

"तो घेतो तुमच्याकडून?"

"पहिली दोन वर्षं फेकून दिले. मोजे मीच दिले होते ना त्या दिवशी. आता घेतो. बोलत नाय."

"खरं का नाही सांगितलंत त्याला?"

"माझ्या हाताने दिले, साहेब. तुम्ही सांगितलं तरी हात माझाच होता."

मी मोज्याच्या बंद केलेल्या बोटावरून अंगठा फिरवला. मग म्हणालो, "अण्णा, हा मोजा मी नेऊन देतो. आणि त्या दिवशी कोणी काय सांगितलं, तेही त्याला सांगतो."

त्यांनी सवयीने माझा हात ओढून घेतला, उताणा केला, बोटं ताणून बघितली. "आठ नंबर."

"मग द्या काहीतरी घालायला."

"त्या कामाला हातमोजा नसतो," अण्णा म्हणाले, आणि काशिनाथची जोडी कागदात गुंडाळून माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडोरीच्या एसटीत बसलो. हात खिशात घालून बसायची माझी जुनी सवय. ते बाहेर काढले आणि पुडीवर ठेवले.